एक्स्टेन्शन बदललं आणि रँकिंग पडलं? परत डॉट कॉम घेण्याआधी हे तपासून बघा

हा प्रॉब्लेम सारखा सारखा येतो, फक्त दर वेळी त्याचं रूप थोडं वेगळं असतं. (एक्स्टेन्शन म्हणजे साइटच्या पत्त्याचा शेवटचा भाग, डॉट कॉम, डॉट इन वगैरे, आणि रँकिंग म्हणजे गूगलच्या निकालात साइट किती वर दिसते ते.) कुणी डॉट कॉम सोडून डॉट आयओ किंवा डॉट एक्सवायझेडवर जातं आणि काही आठवड्यांत ट्रॅफिक कोसळतं, कुणी पहिल्यापासूनच डॉट शॉप नाहीतर डॉट ऑनलाइनवर साइट काढतं आणि महिने उलटले तरी ती कुठेच दिसत नाही, तर कुणाची साइट देशाच्या एक्स्टेन्शनवर असते आणि त्या देशाबाहेर तिला कुणी विचारत नाही. तिन्ही ठिकाणी निष्कर्ष मात्र एकच निघतो, एक्स्टेन्शन चुकलं, डॉट कॉमच घ्यायला पाहिजे होतं. मग खरंच डॉट कॉम घेतलं जातं, सगळी साइट परत एकदा हलवली जाते, मूळ बिघाड होता तिथेच राहतो आणि त्यावर दुसऱ्या मायग्रेशनचा (साइट हलवण्याचा) फटका बसतो तो वेगळाच. चांगल्या साइटींचं असं नुकसान होताना बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहायला घेतलं.

आधी मूळ मुद्दा. वरच्या तीन केसपैकी फक्त तिसऱ्या केसमध्ये एक्स्टेन्शनचा रँकिंगशी थेट संबंध आहे. पहिल्या दोन केसमध्ये दोष जवळपास नेहमी दुसरीकडेच सापडतो. गूगलने जुलै २०१५ मध्ये यावर स्वतःच खुलासा केला होता, कारण तेव्हा नवीन एक्स्टेन्शन्सचा नुसता पूर आला होता. २०१२ मध्ये आयकॅनकडे (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) नवीन एक्स्टेन्शनसाठी १,९३० अर्ज आले, २०१३ च्या ऑक्टोबरपासून ती एकेक करून चालू व्हायला लागली आणि पुढे बाराशेच्या वर चालू झाली. त्यामुळे डॉट गुरू, डॉट फोटोग्राफी असली नावं विकणारे लोक सांगत सुटले की एक्स्टेन्शनमध्येच कीवर्ड आला की रँक वर जाणार. गूगलचं उत्तर सरळ होतं: नवीन जेनेरिक (कुठल्या देशाशी न बांधलेल्या) एक्स्टेन्शन्सना आम्ही डॉट कॉम, डॉट ऑर्गसारखंच वागवतो, एक्स्टेन्शनमधल्या कीवर्डचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. कंपन्यांची स्वतःच्या ब्रँडची एक्स्टेन्शन्स असतात त्यांनाही जादा वजन नाही, आणि डॉट लंडनसारखी शहराची एक्स्टेन्शन्सही साधी जेनेरिकच धरली जातात. त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्ट २०१५ मध्ये, गूगलची मूळ कंपनी म्हणून अल्फाबेट जाहीर झाली ती डॉट एक्सवायझेड पत्त्यावरच.

डॉट ईडीयू (शिक्षणसंस्थांचं) आणि डॉट गव्ह (सरकारी) यांचं पण तेच. तिथून आलेल्या बॅकलिंकला (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकला) निव्वळ एक्स्टेन्शनमुळे जास्त किंमत मिळते हा समज फार जुना आहे आणि त्यावर लोक पैसे घालवतात. त्या साइटींना मुळातच खूप ठिकाणांहून चांगल्या लिंक असतात म्हणून त्या वजनदार दिसतात, शेवटची अक्षरं काय आहेत त्याने काही होत नाही.

साइट हलवली आणि मग पडलं

सगळ्यात जास्त केसेस ह्याच. इथे रँकिंग पडायला एक्स्टेन्शन नाही तर मायग्रेशन कारण असतं. अगदी व्यवस्थित हलवलेल्या साइटलाही थोडे हेलकावे बसतात, मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं नवीन पत्त्यावर धरायला गूगलला काही आठवडे लागतात आणि मोठी साइट असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे आठवड्याभरात घाबरून सगळं उलटं फिरवू नका. पण वाट बघताना पुढच्या गोष्टी आजच तपासा, कारण यातली एक जरी बिघडलेली असली तरी कितीही वाट बघून उपयोग नाही.

पहिलं म्हणजे रिडायरेक्ट, जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नवीन पत्त्यावर नेणारी सोय. "रिडायरेक्ट लावलाय" हे ऐकून समाधान मानू नका, स्वतः डोळ्यांनी बघा. क्रोममध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा, 'प्रिझर्व्ह लॉग' आणि 'डिसेबल कॅश' ह्या दोन्हीवर टिक करा (दुसरी टिक विसरू नका, ब्राउझर ३०१, म्हणजे कायमचा रिडायरेक्ट, लक्षात ठेवतो आणि मग तुम्हाला सर्व्हरचं आजचं उत्तर न दिसता जुनंच दिसत राहतं), मग जुन्या डोमेनवरच्या एखाद्या आतल्या पानाचा पूर्ण पत्ता टाकून एन्टर मारा. होमपेज टाकून बघू नका, ते नेहमी बरोबरच चालतं, आतलं पान टाका, ज्यावर पूर्वी ट्रॅफिक येत होतं असं. आता लिस्टमधल्या सगळ्यात पहिल्या ओळीचं स्टेटस बघा. तिथे ३०१ किंवा ३०८ पाहिजे. ३०२ असेल तर तुम्ही गूगलला सांगताय की हा बदल तात्पुरता आहे, त्यामुळे जुना पत्ता बराच काळ धरून ठेवला जाऊ शकतो. २०० (पान इथेच आहे) असेल तर रिडायरेक्ट नाहीच आहे, साइट दोन्हीकडे चालू आहे किंवा पान आतल्या स्क्रिप्टने ढकललं जातंय. त्या ओळीवर क्लिक केलं की रिस्पॉन्स हेडर्समध्ये 'लोकेशन' दिसेल, आणि खरी गोम इथेच सापडते: जुन्या लेखाच्या पत्त्यावरून लोकेशन त्याच लेखाच्या नवीन पत्त्यावर जायला पाहिजे, पण खूप साइटींवर ते सरळ नवीन होमपेजवर जातं. सगळी जुनी पानं होमपेजवर ढकलली की गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ धरू शकतं, म्हणजे ती पानं गेलीच असं समजतं, आणि त्या पानांनी वर्षानुवर्षं कमावलेलं सगळं तिथेच संपतं. बऱ्याच डोमेन विकणाऱ्या कंपन्यांच्या पॅनेलमध्ये 'फॉरवर्डिंग' नावाची सोय असते, तिच्यात कधी कधी पुढचा पाथ गळून पडतो नाहीतर डिफॉल्टच ३०२ असतो. त्यामुळे तिच्यावर विसंबण्यापेक्षा सर्व्हरवर पान-दर-पान रिडायरेक्ट लावलेले केव्हाही चांगले.

त्याच लिस्टमध्ये किती उड्या आहेत तेही मोजा. जुन्या एचटीटीपीवरून जुन्या एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून नवीन डोमेनवर, मग परत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढून, अशी साखळी झालेली असते. गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत मागोमाग येतो पण शक्य असेल तर सरळ एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर न्या. रिडायरेक्टमुळे लिंकची ताकद कमी होते ही भीती मात्र काढून टाका, गूगलच्या गॅरी इलिसने २०१६ मध्येच सांगितलंय की ३०१, ३०२ वगैरेंमुळे आता पेजरँक (लिंकवरून ठरणारं पानाचं वजन) गळत नाही.

दुसरं, जुन्या डोमेनची रोबोट्स फाइल, म्हणजे गूगलबॉटने काय वाचायचं आणि काय नाही ते सांगणारी फाइल. हलवल्यावर डुप्लिकेट कंटेंट नको म्हणून लोक जुन्या डोमेनवर क्रॉलिंगच (गूगलबॉटचं येऊन वाचणं) बंद करतात. हेतू चांगला असतो पण परिणाम बरोबर उलटा होतो, गूगलबॉटला आतच येऊ दिलं नाही तर त्याला ३०१ दिसणार कसा? जुनं डोमेन क्रॉल होऊ द्या.

तिसरं, कॅनॉनिकल, म्हणजे एकाच पानाचे अनेक पत्ते असतील तर त्यातला खरा कुठला ते. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल) नवीन पत्ता वरच्या यूआरएल इन्स्पेक्शनच्या चौकटीत टाका आणि 'पेज इंडेक्सिंग' उघडून दोन ओळी एकाखाली एक वाचा, 'यूझर-डिक्लेअर्ड कॅनॉनिकल' आणि 'गूगल-सिलेक्टेड कॅनॉनिकल'. पहिल्या ओळीत जुनं डोमेन दिसलं तर बिघाड सापडला असं समजा, कारण मग जुनं पान म्हणतंय नवीनकडे जा आणि नवीन पान म्हणतंय खरं पान जुनंच आहे, गूगलने करायचं काय. हे थीममध्ये किंवा एसइओ प्लगिनमध्ये जुना पत्ता कायमचा लिहून ठेवल्यामुळे होतं. साइटमॅप (पानांची यादी), एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेसाठी किंवा देशासाठी ते सांगणारा टॅग) आणि आतल्या लिंक्समध्ये पण जुनं डोमेन राहिलंय का ते त्याच वेळी शोधून घ्या. पहिली ओळ बरोबर असेल आणि दुसऱ्या ओळीत अजून जुनं डोमेन असेल, तर गूगल अजून बदल पचवतंय, तिथे खरंच थांबायचं.

चौथं, वर्डप्रेसवाल्यांसाठी: सेटिंग्जमध्ये रीडिंगमध्ये सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका (आपल्या यादीत घेऊ नका) असं सांगणारी एक टिक असते. नवीन डोमेनवर साइट तयार करताना ती लावली जाते आणि लाइव्ह गेल्यावर काढायची राहून जाते. दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता बघून या.

पाचवं, सर्च कन्सोलमधलं 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस'. जुनं आणि नवीन दोन्ही डोमेन एकाच अकाउंटमध्ये व्हेरिफाय पाहिजेत आणि रिडायरेक्ट आधी लागलेले पाहिजेत, मगच हे टूल वापरता येतं. त्याचा परिणाम १८० दिवस चालतो. हे टूल रिडायरेक्टऐवजी नाही, रिडायरेक्टसोबत वापरायचं असतं, नुसता फॉर्म भरून काही होत नाही.

आणि मायग्रेशनच्या जोडीला तुम्ही थीम बदलली, पानांचे पत्ते बदलले, अर्धे लेख उडवले, असं केलं असेल तर रँकिंग कशामुळे गेलं ते आता कुणालाच नीट सांगता येणार नाही. यातलं निदान उडवलेले लेख तरी परत आणा.

साइट नवीन आहे, एक्स्टेन्शन नवीन आहे, आणि काहीच रँक होत नाही

इथे पहिला प्रश्न असा की इंडेक्स तरी झालीय का. इंडेक्सच नसेल तर रँकिंगची चर्चा नंतर. इंडेक्स झालीय पण खूप खाली असेल तर नव्वद टक्के वेळा एवढंच असतं की साइट नवीन आहे आणि तिला लिंक नाहीत, डॉट कॉमवरही हेच झालं असतं. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

तरी एक गोष्ट जरूर तपासा, डोमेनचा भूतकाळ. स्वस्त मिळणाऱ्या एक्स्टेन्शन्सवर स्पॅमवाले ढिगाने नावं घेतात, वर्षभर वापरतात आणि सोडून देतात, त्यातलंच एखादं नाव तुमच्या हातात आलेलं असू शकतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये डोमेन टाका आणि मागच्या वर्षांतली पानं उघडून बघा, तिथे जुगार, औषधं, भलत्याच भाषेतली उत्पादनांची पानं दिसली तर कारण सापडलं. मग सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' आणि 'सिक्युरिटी इश्यूज' बघा, आणि 'रिमूव्हल्स' पण उघडा, कारण आधीच्या मालकाने पूर्ण साइट सर्चमधून लपवायची विनंती केलेली असेल तर ती साधारण सहा महिने लागू राहते आणि मालक बदलला म्हणून आपोआप जात नाही. मॅन्युअल अ‍ॅक्शन (गूगलच्या माणसाने साइटवर लावलेली शिक्षा) असेल तर आताची साइट स्वच्छ आहे आणि मालक बदललाय हे लिहून रिकन्सिडरेशन (फेरविचाराची विनंती) टाकता येतं. जुन्या नावाच्या लिंकची ताकद मिळावी म्हणून मुद्दाम एक्स्पायर झालेलं डोमेन घेऊन त्यावर भलताच कंटेंट टाकणं मात्र मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम पॉलिसीत नाव घेऊन आलंय, त्या वाटेला जाऊ नका.

फुकटच्या एक्स्टेन्शनबद्दल वेगळं सांगावं लागेल. डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए, डॉट सीएफ, डॉट जीक्यू ही अनेक वर्षं फ्रीनॉम नावाच्या कंपनीमार्फत फुकट मिळायची आणि फिशिंगवाल्यांनी (खोट्या साइट काढून पासवर्ड चोरणाऱ्यांनी) ती भरून टाकली. मार्च २०२३ मध्ये मेटाने फ्रीनॉमवर खटला भरल्याचं बाहेर आलं, त्याच वर्षी नवीन नोंदणी बंद पडली, गॅबॉनने स्वतःचं डॉट जीए परत घेतलं, आणि २०२४ मध्ये फ्रीनॉमने डोमेनचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यावर साइट उभारलेल्या कितीतरी लोकांचा पत्ताच गेला. रँकिंग खालीवर होण्याची काळजी करण्याआधी आपला पत्ता पुढच्या वर्षी आपल्याकडे असेल ना, हे बघायला पाहिजे.

ईमेलचा प्रश्न पण इथेच येतो. काही मेल फिल्टर ठरावीक नव्या एक्स्टेन्शन्सना आधीपासूनच संशयित धरतात, स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये तर त्यासाठी नियमच आहेत. गूगल सर्चशी याचा संबंध नाही, पण मेल पोचत नाहीत आणि साइटही दिसत नाही असं एकदम झालं की माणूस दोन्हीचा दोष एक्स्टेन्शनला देऊन मोकळा होतो.

देशाचं एक्स्टेन्शन

इथे मात्र एक्स्टेन्शन खरंच बोलतं. डॉट डीई, डॉट एफआर, डॉट जेपी, डॉट इन असलं काही असेल तर गूगल ते त्या देशासाठीचा ठळक इशारा धरतं. त्या देशातल्या लोकांसाठीच साइट असेल तर हे उत्तमच. पण जगभरचे वाचक पाहिजे असतील तर देशाबाहेर मार बसू शकतो. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स रिपोर्टच्या 'कंट्रीज' टॅबवर जाऊन सरासरी पोझिशन चालू करा, एकाच क्वेरीचा फिल्टर लावा आणि देशवार आकडे बघा. स्वतःच्या देशात पहिल्या पानावर आणि बाकी सगळीकडे बरंच खाली असं स्वच्छ दिसलं, आणि भाषेचा फरक हे कारण नसेल, तर ही तुमची केस असण्याची दाट शक्यता आहे.

काही देशांची एक्स्टेन्शन्स मात्र गूगल जेनेरिकच धरतं, कारण जगभरचे लोक ती त्या देशाशी संबंध नसताना वापरतात: डॉट आयओ, डॉट को, डॉट मी, डॉट टीव्ही, डॉट एफएम, डॉट सीसी वगैरे, आणि २०२३ पासून अँग्विला बेटाचं डॉट एआय पण. त्यामुळे डॉट आयओवर गेल्यामुळे आपण हिंदी महासागरातल्या बेटांपुरते उरलो, असं होत नाही. उलट बाजूने, डॉट यूके डॉट कॉम अशी दिसणारी नावं विकली जातात, ती देशाचं एक्स्टेन्शन नाहीतच, शेवटी डॉट कॉम आहे आणि तो एका खाजगी डोमेनचा भाग विकलेला असतो, त्याने ब्रिटनमध्ये काही फायदा होत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो ते सांगतो. जुन्या ट्युटोरियलमध्ये लिहिलेलं असतं की सर्च कन्सोलमध्ये 'इंटरनॅशनल टार्गेटिंग'मध्ये जाऊन देश निवडा. लोक तासन् तास ती जागा शोधत बसतात. तो रिपोर्ट २०२२ मध्येच काढून टाकलाय, आता सापडणार नाही. आणि तो असतानाही डॉट डीईसारख्या एक्स्टेन्शनचा देश त्यातून बदलता येत नव्हताच. म्हणजे देशाच्या एक्स्टेन्शनवरून जगभर जायचं तर सेटिंगने जमणार नाही, जेनेरिक डोमेनवरच जावं लागतं, आणि तिथे देश किंवा भाषांसाठी फोल्डर करून एचरेफलँग लावायचं. एचरेफलँग लावताना दोन चुका फार होतात: ब्रिटनसाठी यूके लिहितात, तिथे जीबी पाहिजे, आणि एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं पण दुसऱ्याने परत पहिल्याकडे दाखवलं नाही तर ती जोडी धरलीच जात नाही. शिवाय वाचकाचा आयपी बघून त्याला आपोआप त्याच्या देशाच्या पानावर ढकलायचं टाळा, गूगलबॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, त्याला फक्त अमेरिकेचं पान दिसत राहतं आणि बाकीची पानं त्याच्या दृष्टीने नसतातच.

दुसऱ्या देशातलं रँकिंग बघायला तिथलं गूगल डोमेन उघडण्याची सवय असेल तर तीही सोडा. ऑक्टोबर २०१७ पासून निकाल डोमेनवर नाही, तुम्ही कुठे बसलाय त्यावर ठरतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये तर गूगलने आपली देशोदेशीची डोमेन्स डॉट कॉमवर वळवत असल्याचं जाहीर केलं. हे वाचून देशाचं एक्स्टेन्शन आता निरुपयोगी झालं असा अर्थ काही जणांनी काढला, तो चुकीचा आहे, तो बदल गूगलच्या स्वतःच्या पत्त्यापुरता होता.

देशाचं एक्स्टेन्शन म्हणजे त्या देशाचे नियम, हेही घेण्याआधी वाचा. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या मालकांची डॉट ईयू डोमेन्स, ज्यांना पात्रता सिद्ध करता आली नाही त्यांची, सस्पेंड झाली. साइटमध्ये काहीही बिघाड नव्हता.

दोन बारीक गोष्टी

डॉट डेव्ह आणि डॉट अ‍ॅप ही पूर्ण एक्स्टेन्शन्स ब्राउझरच्या एचएसटीएस प्रीलोड यादीत आहेत, म्हणजे त्यावर एचटीटीपीएस नसेल तर साइट ब्राउझरमध्ये उघडतच नाही. एसएसएल सर्टिफिकेट एक्स्पायर झालं की वॉर्निंग ओलांडून पुढे जायचा रस्ताही नसतो, सगळे परत जातात, आणि ट्रॅफिक पडलेलं दिसलं की आळ येतो रँकिंगवर.

देवनागरी किंवा दुसऱ्या लिपीतलं डोमेन गूगलला व्यवस्थित चालतं. आतून ते पुनीकोडमध्ये (इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या रूपात) जातं आणि दोन्ही रूपं एकच धरली जातात. अडचण माणसांच्या बाजूने येते, कॉपी करून पाठवलेली लिंक कधी कधी अनोळखी इंग्रजी अक्षरांची माळ होऊन दिसते, लोकांना ती फसवी वाटते आणि कुणी क्लिक करत नाही, काही फॉर्म तर असा पत्ता घेतच नाहीत. लिंक देताना पत्ता नुसता चिकटवण्याऐवजी पानाच्या नावावर लिंक लावा.

मग डॉट कॉम कधी घ्यायचं

एकच कारण मला पटतं: तुमच्याच नावाचं डॉट कॉम दुसऱ्या कुणाकडे आहे आणि ते चालू आहे. लोक सवयीने डॉट कॉम टाइप करतात, तुमचं नाव सर्च केलं तरी जुनी आणि जास्त लिंक असलेली ती साइट वर येते, आणि हे एक्स्टेन्शनच्या वजनामुळे होत नाही, त्या नावावर त्यांचा जम आधी बसलाय म्हणून होतं. तिथे ते डॉट कॉम विकत मिळत नसेल तर एक्स्टेन्शन बदलून काही साधणार नाही, नावात एखादा शब्द जोडून वेगळं ओळखू येणारं नाव घेतलेलं बरं. आणि एवढं सगळं तपासून शेवटी हलवायचं ठरलंच, तर जुन्या डोमेनचं ऑटो-रिन्यू त्याच दिवशी चालू करा आणि तिथलं कार्ड एक्स्पायर होत नाहीये ना ते बघा. गूगल सांगतं रिडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा, पण दुसऱ्यांच्या साइटींवर तुमच्या जुन्या पत्त्याच्या लिंक त्यानंतरही तशाच असतात, म्हणून माझं म्हणणं, जोपर्यंत सर्व्हरच्या लॉगमध्ये जुन्या पत्त्यावर माणसं येताना दिसतायत तोपर्यंत ते डोमेन सोडू नका.